बटईने शेत घ्यायचं-द्यायचं? वाटा सगळ्यात शेवटी ठरवा

पाडवा जवळ आला की गावोगावी एकच प्रश्न सुरू होतो: "कितीने?" निम्म्याने, तिजाईने (तिसऱ्या हिश्श्याने), की एकरी ठोक्याने (ठरलेल्या रकमेने). दोन वाक्यांत उत्तर मिळतं, चहा होतो, पोरगं ट्रॅक्टर घेऊन रानात शिरतं. भांडण लागतं ते पुढे, सोयाबीनची रास पडल्यावर किंवा अतिवृष्टीचं अनुदान मालकाच्या खात्यात आल्यावर. तेव्हा कळतं की "निम्मा" म्हणताना दोघांच्या मनात वेगवेगळे हिशेब होते.

पिकाच्या वाट्यावर शेत दिलं तर बटई किंवा अर्धेली, ठरलेल्या रकमेवर दिलं तर खंड, मक्ता किंवा ठोका, ही नावं जिल्ह्यागणिक बदलतात, चुका मात्र सगळीकडे सारख्याच असतात. बहुतेक चुका क्रमाच्या असतात. जे शेवटी ठरवायचं ते आधी ठरतं आणि जे आधी तपासायचं ते वादात सापडतं. इथला क्रम महाराष्ट्रातल्या जमिनीसाठी आहे. उदाहरणं मराठवाड्यातल्या सोयाबीन-तुरीची घेतली आहेत. घेणारा तरुण आणि देणारा मालक, दोघांनीही हे वाचावं.

सुरुवात कधी करायची? माघ-फाल्गुनात. उन्हाळी नांगरट घेणाऱ्याला करायची असेल तर त्याआधी सगळं ठरलेलं हवं. मृग तोंडावर आल्यावर बोलणी करणाऱ्याकडे घासाघीस करायला वेळ नसतो आणि कागद करायला तर नसतोच.

## टप्पा 1: देणाऱ्याला देण्याचा अधिकार आहे का

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. मालकाने घडी घालून ठेवलेली जुनी झेरॉक्स चालवून घेऊ नका, ताजा उतारा काढा. सोबत 8-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि गटाचा नकाशाही घ्या. मग या क्रमाने वाचा:

1. नावं. खातं एकट्याचं आहे की सामाईक? कंसात टाकलेलं नाव कमी झालेलं असतं. ते जिवंत धरून त्याच्याशीच करार केल्याची उदाहरणं आहेत. मूळ मालक वारला असेल आणि वारस नोंद झालेली नसेल, तर आधी ती होऊ द्या.
2. भोगवटादार वर्ग. वर्ग 1 (मालकाला हस्तांतराची मोकळीक असलेली) असेल तर पुढे चला. वर्ग 2 (हस्तांतरावर सरकारी अटी असलेली), इनाम किंवा देवस्थानची जमीन असेल तर थांबा आणि काय अटी आहेत ते तहसीलमध्ये विचारा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला पट्ट्याने द्यायची असेल तर पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाचीही मान्यता लागते. मंजुरी नसेल तर तो व्यवहार कायद्यात उभाच राहत नाही.
3. इतर हक्क. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसून कायद्याने हक्क मिळालेल्याचं) नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टातला दावा हे सगळं इथे दिसतं. बोजा असला म्हणून शेत घेऊ नये असं नाही, पण कर्ज किती थकलंय ते विचारा. त्याच शेतावर पीककर्ज तुम्हाला मिळेल की नाही ते त्यावरच ठरतं.
4. क्षेत्र आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा भाग. "पाच एकर" म्हणून दिलेल्या शेतातला अर्धा एकर ओढा आणि खडक निघतो. खंड एकरी ठरणार असेल तर लागवडीलायक क्षेत्रावरच ठरवा.

सगळ्यात जास्त फसगत सामाईक खात्यात होते. तीन भाऊ, तोंडी वाटणी, आणि गावात राहणारा भाऊ "माझा तुकडा" म्हणून देऊन टाकतो. दुसरा पुण्याहून दिवाळीला येतो आणि म्हणतो, मला कुणी विचारलं? कायद्याने त्याचा प्रश्न बरोबर आहे. सगळ्या सहखातेदारांच्या सह्या घ्या, नाहीतर लेखी संमती घ्या. आत्या-बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांचीही. "त्यांचं काय, त्या काही म्हणत नाहीत" हे वाक्य ऐकलं की तुम्ही विचारलंच पाहिजे.

मालक मुंबईत किंवा परदेशात असेल आणि गावातला पुतण्या व्यवहार करत असेल, तर पुतण्याकडे मुखत्यारपत्र आहे का आणि त्यात शेत कसायला देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, ते बघा.

तपासा: घेणाऱ्याकडे स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा आहे का? 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. शहरातली नोकरी सोडून आलेल्या पोराच्या नावावर गुंठाही नसतो. अशा वेळी घराण्याचा सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला आधी जमवून ठेवा.

## टप्पा 2: शेत पायांनी बघा

सोबत मालक आणि शेजारचा एक बांधकरी घ्या. बांधकऱ्याच्या तोंडून जे कळतं ते सातबाऱ्यावर नसतं.

चारही बांध चालून या. वाट कुठून आहे, ती नकाशावर आहे की कुणाच्या मेहेरबानीची आहे, हे विचारा. पेरणीला वाट मिळते आणि मळणी यंत्र आणायच्या दिवशी अडवली जाते, हा अनुभव नवीन नाही. विहीर किंवा बोअर असेल तर पाणी मार्चमध्ये बघा, ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. विहीर सामाईक असेल तर पाळी किती दिवसांनी आणि किती तासांची, हे सहहिस्सेदारासमोर विचारून घ्या. मोटर कुणाची, वीजजोडणी कुणाच्या नावे, जुनी थकबाकी किती? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना सध्या बिल माफ असलं तरी जळालेली मोटर दुरुस्त करायची कुणी, हा प्रश्न उरतोच.

माती तपासून घ्या. बांध, झाडाची सावली आणि शेणखताचा ढीग टाळून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखे खड्डे घ्या, 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, एकत्र करून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच) आणि क्षारता लिहून मिळते. हा कागद पहिल्या वर्षी खतासाठी लागतो. शेत परत करताना "तू रानाची वाट लावलीस" हा आरोप झाला, तर त्यालाही हाच कागद उत्तर देतो.

फोनवर बांधांचे, विहिरीचे, पाइपलाइनचे आणि बांधावरच्या झाडांचे फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा.

## टप्पा 3: कुळाची गोष्ट टाळू नका

मालकाच्या मनात एकच भीती असते: कागद केला तर पोरगं कूळ लागेल आणि जमिनीवर हक्क सांगेल. म्हणून तो कागद टाळतो, दरवर्षी माणूस बदलतो, किंवा पोराकडून कोऱ्या मुद्रांकावर सही घेऊन ठेवतो. यातल्या एकाही उपायाने त्याला वाटतं तेवढं संरक्षण मिळत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 1948 च्या अधिनियमाच्या कलम 4 नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, जर मालक ती स्वतः कसत नसेल तर. यातून मालकाच्या कुटुंबातला माणूस, मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर, पगारी नोकर आणि कब्जेगहाण घेणारा (कर्जापोटी जमिनीचा ताबा घेणारा) वगळले आहेत. इथे एक बारकावा सुटतो. नोकराचा मोबदला पिकाच्या वाट्यात असेल तर त्याला ही सूट नाही. म्हणजे कागदावर "शेतमजूर" लिहून प्रत्यक्षात निम्मा वाटा दिला, तर मालकाने कागद करून काहीच साधलं नाही. कुळांना कसत्या जमिनीचे खरेदीदार मानलं गेलं तो कृषक दिन 1 एप्रिल 1957 चा. त्यानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीत कुळाला पहिल्या एका वर्षात जमीन विकत घेण्याचा हक्क कलम 32-ओ देतं.

विदर्भात 1958 चा आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा स्वतंत्र कुळकायदा आहे. कलमांचे आकडे आणि तपशील वेगळे आहेत. म्हणून महसुली कामं करणाऱ्या स्थानिक वकिलाकडे दोघांनी मिळून एकदा जा. फी निम्मी-निम्मी. एकाने आपला वकील आणला की दुसरा घाबरतो आणि बोलणी तिथेच मोडतात.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या मालकाला या भीतीने झोप येणार नाही त्याने बटईने देऊच नये. रोख पगारावर सालगडी ठेवावा आणि खरोखर स्वतः देखरेख करावी. आणि ज्याला कुठलाही कागद नको, अशा मालकाचं शेत तरुणाने एका हंगामापलीकडे घेऊ नये, गाळ किंवा शेणखत तर अजिबात टाकू नये.

इशारा: "अकरा महिन्यांचा करार करू" ही शहरातल्या भाड्याच्या खोलीची चाल आहे. शेताला ती बसत नाही. सोयाबीन-तुरीचं आंतरपीक, मधला हरभरा, उन्हाळी नांगरट धरली तर बारा महिने लागतात. आडसाली ऊस तर दीड वर्ष उभा असतो. अकरा महिन्यांचा नोटरी कागद पीक विम्याला चालत नाही आणि कुळाच्या दाव्यालाही अडवत नाही.

## टप्पा 4: आधी खर्चाची यादी, मग बाकीचं

हाच टप्पा लोक गाळतात. घेणाऱ्याने सरळ म्हणावं, "अण्णा, वाट्याचं नंतर. आधी खर्च कुणाचा कुठला ते लिहू."

एका कागदावर तीन रकाने करा: मालक, घेणारा, दोघं निम्मे. मग वर्षातलं प्रत्येक काम ओळीने घाला. नांगरट, मोगडणी, वखराच्या पाळ्या, शेणखत आणि त्याची वाहतूक, बियाणं, बीजप्रक्रिया, पेरणीचं भाडं, रासायनिक खत, तणनाशक, कोळपणी, खुरपणी, फवारणीचं औषध, फवारणीची मजुरी, राखण, सोंगणी, पिकाची गंज झाकायला ताडपत्री, मळणी, बारदाना, बाजारापर्यंतचं भाडं, हमाली-तोलाई.

या यादीतल्या काही ओळींवरच खरी भांडणं होतात. त्यांच्यावर वेळ घालवा:

दुबार पेरणी. पाऊस ओढला आणि बी वाया गेलं तर दुसऱ्या बियाण्याचे पैसे कुणाचे? पहिल्या पेरणीला जो नियम तोच दुसरीला, असं एका ओळीत लिहिलं तरी पुरतं. पण ती ओळ जूनच्या आधी हवी.

घेणाऱ्याची स्वतःची मेहनत. घरचे दोघं-तिघं खुरपायला असतील तर ती मजुरी खर्चात धरायची का? निम्म्या बटईत बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. जमीन मालकाची, अंगमेहनत घेणाऱ्याची, विकतचा खर्च निम्मा, असा तो सौदा असतो. पण घेणाऱ्याचा स्वतःचा ट्रॅक्टर असेल तर? त्याचं भाडं गावच्या चालू दराने खर्चात धरा. नाहीतर पोरगं डिझेल घालत राहतं आणि हिशेबात ते कुठेच दिसत नाही.

सोंगणी आणि मळणी. हा खर्च रास वाटण्याआधी वजा करायचा की वाटल्यावर ज्याचा त्याने द्यायचा? मळणीवाला बऱ्याचदा कट्ट्यामागे (पोत्यामागे) पैसे घेतो, कधी धान्यच घेतो. आधी ठरवा.

भुसकट, कडबा, पऱ्हाट्या, तुराट्या. मालकाकडे जनावरं असतील तर त्याने ते गृहीत धरलेलं असतं. घेणाऱ्यानेही धरलेलं असतं. ज्वारीत कडब्याची किंमत कमी नसते. बांधावरचं गवत, आंबा, बाभळीचं लाकूड कुणाचं तेही इथेच लिहा.

मालकाची उसनवारी. मध्येच "पाच हजार दे, राशीत वळते कर" असं होतं. होऊ द्या, पण बँकेतून द्या आणि वहीत लिहा.

## टप्पा 5: आता प्रकार आणि वाटा

खर्चाची यादी समोर असली की तीन पद्धतींत कोण किती जोखीम घेतो ते दिसतं. खालचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा.

समजा, सोयाबीनचा एकरी विकतचा खर्च 18,000 रुपये. बरं वर्ष म्हणजे 8 क्विंटल, भाव 4,500, एकूण 36,000. वाईट वर्ष म्हणजे 4 क्विंटल, एकूण 18,000. वाईट वर्षात मळणीचा खर्च थोडा कमी होतो, तो इथे सोडून दिला आहे.

- निम्मा खर्च, निम्मा माल: बऱ्या वर्षी दोघांना 9,000-9,000 उरतात. वाईट वर्षी दोघांच्याही हाती शून्य. घेणाऱ्याची मेहनत मात्र दोन्ही वर्षी झालेली असते.
- सगळा खर्च घेणाऱ्याचा, मालकाला तिसरा हिस्सा: बऱ्या वर्षी मालकाला 12,000, घेणाऱ्याला 6,000. वाईट वर्षी मालकाला तरीही 6,000 आणि घेणारा 6,000 नी तोट्यात.
- एकरी 10,000 खंड: बऱ्या वर्षी घेणाऱ्याला 8,000 उरतात. वाईट वर्षी तो 10,000 नी तोट्यात, मालक निर्धास्त.

जोखीम घेणाऱ्याच्या अंगावर जितकी जास्त, तितका बऱ्या वर्षातला त्याचा फायदा जास्त असायला हवा. मधल्या पद्धतीत ते घडत नाही. सगळा खर्च घेणाऱ्याचा, वाईट वर्षाचा तोटा त्याचा, आणि बऱ्या वर्षीही मालकच पुढे. कोरडवाहू रानात या अटीवर शेत घेणाऱ्या तरुणाने मालकाचा वाटा तरी चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली आणावा, नाहीतर सरळ निम्म्याने करावं.

खंड पाण्याच्या रानाला, भाजीपाल्याला आणि उसाला बरा बसतो, कारण तिथे उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. पहिल्यांदाच शेत घेणाऱ्याने कोरडवाहूत खंड घेऊ नये. घ्यावाच लागला तर दोन हप्ते ठरवा, एक पाडव्याला आणि दुसरा दिवाळीनंतर माल विकल्यावर. शिवाय गावात अतिवृष्टीचा किंवा दुष्काळाचा पंचनामा होऊन मदत जाहीर झाली तर दुसऱ्या हप्त्यात किती सूट, ते लिहून घ्या.

तपासा: वाईट वर्षाचा हिशेब दोघांनी मोठ्याने वाचला का? बऱ्या वर्षाच्या आकड्यावर सगळेच मान डोलावतात.

## टप्पा 6: कागद आणि नोंदणी

कागदात काय लिहायचं ते आतापर्यंत तुमच्याकडे जमा झालेलंच आहे. खर्चाची तीन रकान्यांची यादी आणि शेताचे फोटो परिशिष्ट म्हणून जोडा. बाकी या गोष्टी हव्यातच:

1. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. गटाचा एकच तुकडा दिला असेल तर कुठल्या बाजूचा.
2. मुदत. सुरुवात पाडव्याला की अक्षय तृतीयेला ते इंग्रजी तारखेसह लिहा. शेवटच्या तारखेला पीक उभं असेल तर ते काढून नेण्याचा हक्क घेणाऱ्याचा राहील, हेही लिहा. तूर जानेवारीपर्यंत जाते.
3. कुठलं पीक घ्यायचं नाही. मालकाला ऊस किंवा केळी नको असेल तर आत्ताच सांगू द्या.
4. अनुदान, विमा, नुकसानभरपाई कुणाच्या खात्यात आली तरी वाटणी कशी. मी तर म्हणेन, ज्या प्रमाणात खर्च त्या प्रमाणात भरपाई. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे पैसे जमिनीच्या मालकाचे, त्यात घेणाऱ्याने हात घालू नये.
5. जमीन सुधारण्याचा खर्च. घेणाऱ्याने तळ्यातला गाळ टाकला, 30,000 रुपये गेले आणि त्याचा फायदा तीन वर्षं धरला, तर एका वर्षानंतर मालकाने शेत काढून घेतल्यास 20,000 परत, दोन वर्षांनंतर 10,000 परत. ठिबक आणि पाइपलाइन कुणाची, ती उपसून नेता येईल का, तेही लिहा.
6. मालकाने मध्येच शेत विकलं, किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तर चालू हंगाम पूर्ण होईल.
7. वाद झाल्यास आधी कुणाकडे जायचं. गावातली दोघांना मान्य असलेली दोन माणसं नावानिशी लिहा.

मुदत कमीत कमी तीन वर्षं धरा. एका वर्षासाठी शेत घेणारा युरिया मारून पीक काढतो, शेणखत टाकत नाही. त्याचा दोषही नाही. मालकाने जमिनीचा पोत राखायचा असेल तर मुदत देण्यातच त्याचा फायदा आहे.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षाप्रमाणे खंड ठरवणारा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 17 नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ही गल्लत इतकी सर्रास आहे की करार झाला असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा: दस्त क्रमांक काय? मुद्रांक शुल्क मुदतीवर आणि रकमेवर ठरतं. कार्यालयातून आकडा आधी काढून घ्या आणि तो खर्च कुणाचा तेही ठरवा. दोघांची आधार आणि पॅन कार्डं, ताजा सातबारा, फोटो आणि ओळखदार सोबत न्या.

इशारा: कोऱ्या मुद्रांकावर किंवा तारीख न टाकलेल्या "जमीन सोडली" अशा कागदावर सही करू नका, घेऊही नका. करारावर विश्वास नसेल तर तो करूच नये.

## टप्पा 7: सरकारी नोंदी वेळेत

नोंदणी पेरणीआधी का उरकायची, ते इथे कळतं.

पीक विमा. पंतप्रधान पीक विमा योजनेत भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण महाराष्ट्रात नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. खरिपाची मुदत साधारण 31 जुलैला संपते, तरी त्या वर्षीची तारीख बघा. एक रुपयातला विमा आता बंद झाला. खरीप 2025 पासून शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत आहे. तो कुणी भरायचा ते खर्चाच्या यादीत घाला. एकाच क्षेत्राचा विमा मालक आणि घेणारा दोघांनीही काढू नये, दावा अडकतो.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरची पिकाची नोंद. शेतात उभं राहून फोटोसह करायची असते आणि ती खातेदाराच्या नावाने होते. प्रत्यक्षात शेतात घेणाराच असतो. मालक पुण्यात बसून "करून टाक" म्हणतो आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तारीख ठरवून दोघांनी फोनवर राहून एकाच वेळी करा. जे पेरलं तेच नोंदवा, आंतरपीकही. ही नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन-तूर घालताना अडचण येते आणि मदतीच्या यादीतूनही शेत सुटतं.

पाहणीत खातेदाराऐवजी दुसऱ्याच माणसाचा कब्जा आढळला तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तशी माहिती तहसीलदाराकडे पाठवू शकतात आणि चौकशी होऊ शकते. नोंदणीकृत करार हातात असला की उत्तर सरळ असतं.

कर्ज. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत भाडेपट्टेदार, तोंडी पट्टेदार आणि बटाईदारही बसतात. बँकेच्या खिडकीवर मात्र सातबारा मागतात. एकट्याला जमत नसेल तर चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा) करून अर्ज करा, नाबार्डची ती पद्धत अशाच शेतकऱ्यांसाठी आहे. मालकाने त्याच शेतावर आधीच पीककर्ज उचललं असेल तर त्यातला किती पैसा या शेतात येणार, हे पाडव्यालाच विचारा.

माल कुणाच्या नावे जाणार. उसाची नोंद कारखान्याकडे मालकाच्या नावे असेल तर बिलही त्याच्याच खात्यात जातं. हमीभावाच्या खरेदीतही तेच. पैसे आल्यापासून किती दिवसांत वाटणी, तो आकडा करारात हवा. आठ दिवस पुरेत.

## टप्पा 8: हंगामभर एक वही

दोन वह्या नकोत. एकच वही घेणाऱ्याकडे ठेवा, दर पंधरा दिवसांनी पानाचा फोटो मालकाला पाठवा. खर्च ज्या दिवशी झाला त्याच दिवशी लिहा: तारीख, काम, रक्कम, कुणी दिली. खत-औषधाची पक्की पावती घ्या. ती दुकानदाराला आवडो न आवडो, बोगस बियाण्याची तक्रार पावतीशिवाय होत नाही. मालकाला फोटो बघूनही आठ दिवसांत हरकत नसेल तर खर्च मान्य, अशी ओळ करारात असली तर दिवाळीला "एवढं औषध कशाला मारलं?" हा प्रश्न येत नाही.

पुराने किंवा गारपिटीने नुकसान झालं तर मालकाला लगेच फोन करा, तारखेसह फोटो ठेवा आणि पंचनाम्याच्या दिवशी दोघांपैकी एकाने तरी शेतात हजर राहा.

## टप्पा 9: रास, माप, हिशेब

मळणीची तारीख मालकाला दोन दिवस आधी कळवा. तो किंवा त्याचा माणूस हजर असू द्या. माल कट्ट्यांनी मोजू नका, काट्यावर वजन करा. एक कट्टा 60 किलोचा भरतो, दुसरा 70 चा.

ओलं सोयाबीन वाटून घेतलं तर वाळल्यावर घट ज्याची त्याने सोसायची. विकून पैसे वाटायचे असतील तर आर्द्रता 12 टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवा, खरेदी केंद्राची मर्यादा तीच आहे. भाव वाढेल म्हणून एकाला माल ठेवायचा असतो आणि दुसऱ्याला हप्ता फेडायचा असतो. अशा वेळी माल वाटून घ्या आणि ज्याने त्याने आपला विकावा. एकत्र ठेवलेल्या मालावरून जितकी मनं दुखावतात तितकी शेतातही दुखावत नाहीत.

हिशेबाचा क्रम असा: एकूण वजन, त्यातून मळणी आणि ठरलेली वजावट, मग वाटे, मग वहीतला खर्च, मग उसनवारी. शेवटच्या पानावर "चालू हंगामाचा हिशेब पूर्ण झाला" असं लिहून दोघांनी सह्या करा. पैसे बँकेतून द्या. रोख दिलेच तर पावती घ्या.

तपासा: सोयाबीनचा हिशेब झाला म्हणून तुरीचा विसरू नका. आंतरपिकाची वेगळी ओळ ठेवा.

## टप्पा 10: पुढचं वर्ष किंवा शेत सोडणं

पुढे करायचं की नाही हे दोघांनी संक्रांतीपर्यंत एकमेकांना सांगावं. मालकाने तेव्हाच "आता नको" म्हटलं तर घेणाऱ्याला दुसरं शेत शोधायला वेळ मिळतो. मेमध्ये म्हटलं तर त्याचं वर्ष जातं. तीन वर्षांच्या करारातही दर पाडव्याला खर्चाची यादी पुन्हा समोर ठेवा. मजुरी, डिझेल, खत सगळ्यांचे भाव हललेले असतात. बदल झाला तर पुरवणी कागद करा. मूळ करारावर पेनाने खाडाखोड नको.

शेत सोडताना पुन्हा चारही बांध चाला आणि पहिल्या दिवशीचे फोटो काढून बघा. मोटर, स्टार्टर, पाइप मोजून द्या. मातीचा नवा अहवाल काढा आणि पहिल्याला जोडून ठेवा. सुधारणेचा परतावा देणं असेल तर तो ताबा सोडण्याआधी घ्या, नंतर मिळत नाही. ताबा परत केल्याची तारीख लिहून दोघांनी सह्या करा आणि करार नोंदवलेला असेल तर मुदतीआधी सोडल्याचा दस्तही त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या.